वरचा मजला

ज्यांच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिली आहे, किंवा स्वमग्नतेमुळे ज्यांचे भोवतालच्या जगाशी दळणवळण आपल्याहून निराळ्या रीतीने चालते, अशा माणसांसाठी चालवलेली एखादी निवासी संस्था पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा इमारत पाहतो, पलंग मोजतो, स्वयंपाकघराच्या स्वच्छतेची वाखाणणी करतो, अभिप्रायाच्या वहीत गौरवाच्या चार ओळी लिहितो आणि समाधानाने परत येतो. या साऱ्या गोष्टी पाहण्याजोग्या आहेत, याविषयी वाद नाही. परंतु तेथे राहणाऱ्या माणसाचे आयुष्य ज्या गोष्टींनी सुखाचे किंवा दुःखाचे होते त्यांतील बहुतेक गोष्टी या फेरफटक्यात दृष्टीस पडत नाहीत, आणि त्या कशा पाहाव्यात याचे शास्त्र तयार व्हावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ते शास्त्र पुष्कळ अंशी इंग्लंडात घडले. आणि ते हाताशी असताना त्याच देशात या माणसांची जी विटंबना झाली, तीही इंग्लंडनेच आपल्या चौकशी-अहवालांतून जगापुढे मांडली. म्हणून या प्रकरणात तेथील हकिकत विस्ताराने सांगावयाची आहे.

१९५८ साली जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग हाती घेतला. दक्षिण लंडनमधील टूटिंग येथे फाउंटन हॉस्पिटल नावाचे, मतिमंद म्हणून गणलेल्या मुलांचे एक मोठे रुग्णालय होते. तेथील मुलांतून परस्परांशी जुळणाऱ्या मुलांच्या १६ जोड्या निवडण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एक मूल रुग्णालयातच राहिले आणि दुसरे सरे परगण्यातील रायगेटजवळच्या ब्रुकलँड्स नावाच्या एका प्रशस्त घरात नेण्यात आले. तेथे काही अपूर्व औषधोपचार नव्हता. मुलांचे लहान लहान गट केले होते, एकेका गटाला आपली अशी माणसे होती, आणि बालवाडीत चालते तसे खेळणे, बोलणे, बागेत हिंडणे दिवसभर चाले. दोन वर्षांनंतर मुलांची भाषिक प्रगती मोजली तेव्हा ब्रुकलँड्समधील मुले सरासरीने १४ महिन्यांची मजल मारून गेली होती, आणि रुग्णालयात राहिलेली त्यांची जोडीदार मुले अवघ्या ६ महिन्यांची. ज्या मौनाचा दोष तोपर्यंत सर्वस्वी मुलांच्या मेंदूवर ठेवला जात होता, त्यातील काही हिस्सा त्या वॉर्डाने निर्माण केलेला होता, हे या आकड्यांनी सिद्ध केले. आणि माझ्या मते या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा एकच शोध आहे, कारण त्यानंतर ‘या मुलांचे कोठेही सारखेच होणार’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरला नाही.

पण वॉर्डात नेमके असे काय होते, की ज्याने मुले मुकी राहिली? या प्रश्नाचा पिच्छा टिझार्डने सोडला नाही. रॉय किंग आणि नॉर्मा रेन्स या सहकाऱ्यांसह त्याने रुग्णालये, स्थानिक संस्थांची वसतिगृहे आणि धर्मादाय गृहे यांची तुलना केली, आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात संस्थेची परीक्षा घेणारी ३० प्रश्नांची एक मोजपट्टी दिली. हे प्रश्न वरकरणी इतके सामान्य आहेत की एखाद्या तपासनीस अंमलदाराला ते विचारण्याचा संकोच वाटावा. मुले रविवारीही इतर दिवशीच्याच ठोक्याला उठतात काय? आंघोळीपूर्वी ती ओळीने ताटकळत उभी असतात काय? अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचे असतात, की धुऊन आलेल्या ढिगातून जो हाती येईल तो चढवला जातो? खेळणे ठेवण्यास त्यांना स्वतःची जागा आहे काय? सेवक मुलांबरोबर जेवावयास बसतात, की उभे राहून पहारा करतात? या प्रश्नांच्या मागे चार कसोट्या होत्या: नित्यक्रमाचा ताठरपणा, सर्वांना घोळक्याने हाकण्याची रीत, व्यक्तित्वाचा लोप, आणि सेवक व निवासी यांच्यामधील अंतर.

या कसोट्या आपल्याकडील एखाद्या वसतिगृहाला लावून पाहाव्यात. एका खिळ्यावर दहा जणांचा एकच टॉवेल टांगलेला असेल, मुलींचे केस विंचरण्याची तसदी नको म्हणून सरसकट बारीक कातरलेले असतील, गंगाळातले पाणी एकामागून एक डोक्यावर ओतून तासाभरात तीस आंघोळी उरकल्या जात असतील, आणि सायंकाळी सहा वाजताच जेवणे आटोपून सर्वांना अंथरुणावर धाडले जात असेल, तर तेथे कोणी कोणावर हात उगारलेला नसूनही माणसाचे माणूसपण दररोज थोडथोडे झिजत असते. तेथील मावशी दुष्ट असतात असे मुळीच नाही. कित्येकदा त्या अत्यंत मायाळू असतात. परंतु तीस जणांचे अंग धुणे हेच त्यांचे नेमून दिलेले काम असेल, तर एकाशी बोलत बसणे ही त्या कामातली कुचराई ठरते.

किंग, रेन्स आणि टिझार्ड यांच्या संशोधनाचा निष्कर्ष येथे फार मोलाचा आहे. संस्था मोठी की लहान, मुले सौम्य अपंगत्वाची की तीव्र, यांवरून वागणुकीतील फरकाचा उलगडा होईना. उलगडा झाला तो अधिकार कोठे आहे यावरून. जेथे वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेला जेवणाची वेळ बदलण्यासाठीदेखील वरिष्ठांचा हुकूम लागे, जेथे तिची आज एका तर उद्या दुसऱ्या वॉर्डात बदली होई आणि तिचा दिवस नोंदी व घरकामाची देखरेख यांत जाई, तेथे मुले घोळक्याने हाकली जात. आणि जेथे घरप्रमुखाला आपल्या घराचे निर्णय स्वतः घेता येत व तो मुलांच्या संगतीत वेळ घालवी, तेथे त्याच्या हाताखालचे सेवकही मुलांशी बोलत. वरचा जसा वागतो तसे खालचे वागतात, हे कारभाराचे जुने तत्त्व येथेही खरे ठरले.

हे संशोधन चालू असतानाच कार्डिफ येथील ईली हॉस्पिटलमधील छळाची हकिकत १९६७ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राने छापली. पुढे अर्थमंत्री व परराष्ट्रमंत्री झालेले जेफ्री हाउ तेव्हा बॅरिस्टर होते. त्यांच्या समितीने चौकशी करून मारहाण, जुनाट शुश्रूषा, रुग्णांच्या अन्नाची चोरी आणि तक्रार करणाऱ्या सेवकांची गळचेपी या सर्व आरोपांना बव्हंशी दुजोरा दिला. हा अहवाल दडपण्याचा मोह मोठा होता. परंतु तत्कालीन मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी १९६९ साली तो संपूर्ण प्रसिद्ध केला, आणि त्यातूनच ब्रिटनमध्ये अशा रुग्णालयांची बाहेरून तपासणी करणारी नवी यंत्रणा उभी राहिली. ईली १९९६ साली बंद झाले. त्यासारखी इतर अवाढव्य रुग्णालयेही एकामागून एक बंद होत गेली. एवढे झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता.

तो मिटला नाही, हे २०११ साली दिसून आले. ब्रिस्टल शहराच्या सीमेवर, हॅमब्रुक येथे विंटरबोर्न व्ह्यू नावाचे २४ खाटांचे एक खासगी रुग्णालय होते. इमारत अलीकडची, संख्या लहान, नियामक मंडळाकडे रीतसर नोंदणी झालेली, आणि दर माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अडीच लाख रुपये, सरकारी खजिन्यातून मिळत असलेले. पैसा अपुरा होता असे कोणालाही म्हणता येणार नाही. तेथे ‘निदान आणि उपचार’ यांसाठी माणसे पाठवली जात, सरासरी दीड वर्षाहून अधिक काळ राहत, आणि त्यांतील बरीच आपल्या घरापासून दूरदूरच्या गावांची असत. नातेवाईक भेटीस आले की त्यांची गाठ खालच्या मजल्यावर घालून दिली जाई. वरच्या मजल्यावरील वॉर्ड आणि निजण्याच्या खोल्या त्यांना पाहू दिल्या जात नसत.

टेरी ब्रायन या अनुभवी परिचारकाने तेथील प्रकार पाहून २०१० साली व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार केली, ती नियामक मंडळाकडेही पोहोचली, आणि कोणीही हालचाल केली नाही. तेव्हा तो बीबीसीकडे गेला. त्यांच्या वार्ताहराने तेथे सेवक म्हणून नोकरी धरून पाच आठवडे छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले, आणि ३१ मे २०११ रोजी ते ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात दाखवण्यात आले. सेवक माणसांना फरशीवर दाबून धरत होते, खुर्चीखाली अडकवून ठेवत होते, अंगावरील कपड्यांसह थंड पाण्याखाली उभे करत होते, आणि हे सर्व उघड्यावर, परस्परांच्या देखत, दिवसाढवळ्या चालले होते. महिन्याभरात रुग्णालय बंद झाले. ११ जण दोषी ठरले आणि त्यांतील सहा जणांना २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये कारावासाची शिक्षा झाली.

तथापि मला या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब शिक्षेची वाटत नाही; ती दप्तराची वाटते. मार्गारेट फ्लिन यांनी केलेला चौकशी-अहवाल वाचताना ध्यानात येते की तेथे काहीच लपून राहिले नव्हते. माणसांना बळाने जखडून धरल्याच्या नोंदी खुद्द रुग्णालयाच्याच वहीत होत्या: २०१० या एका वर्षात ३७९, आणि २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत १२९. पोलिसांकडे नोंदी होत्या. स्थानिक परिषदेकडे सुरक्षिततेविषयीच्या सूचना गेल्या होत्या. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात येथील माणसे जखमा घेऊन पुनःपुन्हा येत होती. परंतु पोलिसांनी प्रत्येक घटना सुटी पाहिली, परिषदेने प्रत्येक सूचना सुटी निकालात काढली, डॉक्टरांनी प्रत्येक जखम सुटी बांधली. आणि चार दप्तरांतील कागद एका मेजावर मांडून त्यांची रुजुवात घेण्याचे काम कोणाच्याही वाट्याचे नव्हते. चोवीस माणसांच्या घरात तीनशे एकोणऐंशी वेळा बळ वापरावे लागते, हा आकडा एकाने जरी मोठ्याने वाचून दाखवला असता, तरी कॅमेऱ्याची गरज पडली नसती.

सरकारने २०१२ च्या अखेरीस जाहीर वचन दिले की, ज्यांना रुग्णालयात राहण्याचे कारण नाही अशा सर्वांना १ जून २०१४ पर्यंत त्यांच्या गावाजवळ, समाजात नेऊन वसवले जाईल. मुदत टळली. २०१५ साली नवी योजना आली, खाटा ३५ ते ५० टक्क्यांनी कमी करण्यासाठी मार्च २०१९ ही मुदत ठरली, तीही टळली. त्याच २०१९ च्या मे महिन्यात डरॅम परगण्यातील व्हॉर्ल्टन हॉल या रुग्णालयातील छळाचे चित्रण ‘पॅनोरामा’नेच दाखवले, आणि या संस्थेला तर नियामक मंडळाने थोड्याच काळापूर्वी ‘चांगली’ असा शेरा दिलेला होता. यावर मंडळाने ग्लिनिस मर्फी या विदुषीकडून आपल्याच कामाची छाननी करवून घेतली. तपासनीसांनी आगाऊ न कळवता जावे, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही जावे, आणि निवाशांचे व त्यांच्या आप्तांचे म्हणणे ऐकावे, असे तिने २०२० साली सुचवले. इतके साधे सुचवण्यास इतका काळ आणि इतके अश्रू लागावेत, याची चीड आल्यावाचून राहत नाही.

मग चांगले घर कसे चालते? याचे उत्तर केंट विद्यापीठातील टिझार्ड यांच्याच नावाच्या केंद्रात काम करणाऱ्या जिम मॅन्सेल यांनी आयुष्यभर शोधले. तीव्र अपंगत्वाच्या माणसांना लहानशा सामान्य घरात ठेवून पाहताना त्यांना असे आढळले की घर लहान केल्याने आणि सेवक वाढवल्याने आपोआप काही साधत नाही. सेवक स्वतः स्वयंपाक करतात, स्वतः केर काढतात, आणि निवासी भिंतीकडे पाहत बसून राहतो. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धत सिद्ध केली की, घरातील प्रत्येक कामाचे लहान लहान तुकडे करावेत आणि ज्याला जो तुकडा झेपेल तो त्याच्या हाती द्यावा. कोणी पोळीचे पीठ मळू शकत नसेल, पण परातीत पाणी ओतू शकेल. कोणी ओतू शकत नसेल, पण सेवकाच्या हातावर हात ठेवून परात धरू शकेल. दिवसातील किती मिनिटे माणूस काहीतरी अर्थपूर्ण करण्यात गुंतलेला होता, हे निरीक्षक घड्याळ लावून मोजतात. एखाद्या संस्थेच्या दर्जाविषयी एकच आकडा मागावयाची मुभा मला मिळाली, तर मी हा आकडा मागेन.

स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. त्यांतील अनेकांना ट्यूबलाइटची गुणगुण, भांड्यांचा खणखणाट, खरबरीत कापडाचा स्पर्श असह्य होतो, आणि ठरलेला क्रम अचानक बदलला की त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा माणसाने डोके आपटले किंवा ओरबाडले, तर ‘हिंसक’ असा शेरा मारून त्याला जखडणे हे अज्ञानाचे कृत्य आहे. त्याची दाढ दुखते आहे काय, याचा शोध आधी घ्यावा. जे तोंडाने सांगता येत नाही ते तो अंगाने सांगत असतो. आणि ते ओळखण्याची विद्या बहुधा त्याच्या आईपाशी असते. २०१३ साली ऑक्सफर्डमधील स्लेड हाउस येथे कॉनर स्पॅरोहॉक हा अपस्मार असलेला अठरा वर्षांचा तरुण स्नानाच्या टबात बुडून मरण पावला. त्याला झटका येऊन गेल्याचे त्याच्या आईने, सारा रायन यांनी, सेवकांना आधी कळवले होते. हलगर्जीपणा या मृत्यूस कारणीभूत झाला, असा निर्णय पंचांनी २०१५ साली दिला. आईच्या म्हणण्याची नोंद झाली होती. त्या नोंदीवरून कोणी आपले वागणे बदलले नाही, एवढेच.

महाराष्ट्रात हा विषय प्रत्येक पालकाच्या मनात एकाच प्रश्नाच्या रूपाने वसतो: ‘आमच्या पश्चात याचं कसं होणार?’ या प्रश्नातूनच पालकांनी एकत्र येऊन स्वतःची निवासी घरे काढली. बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळील खोणी येथील ‘घरकुल’ ही त्यांतील ठळक नावे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांना आपले नाव देऊन वाढवले, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडावे हा नियम अशा मुलांना लावू नये, त्यांचे आजन्म पुनर्वसन व्हावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. अठराव्या वाढदिवशी ज्याची बुद्धी बदलत नाही त्याचा पत्ता बदलावयास लावणे, यापेक्षा अविचारी नियम मला ठाऊक नाही. दुसऱ्या बाजूस २०१० साली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील हालांच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाला अशा गृहांच्या कारभारात स्वतःहून लक्ष घालावे लागले, हेही आपण विसरता कामा नये.

कायद्याची उणीव आपल्याकडे तितकीशी नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाप्रमाणे जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, तिच्यात जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते, आणि ती सज्ञान झालेल्या मुलाला कायदेशीर पालक नेमून देऊ शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि संस्थेला नोंदणी सक्तीची केली. परंतु नोंदणी हा दाखला असतो, पाहणी नव्हे. विंटरबोर्न व्ह्यूचीही नोंदणी झालेलीच होती. समितीची बैठक होऊन पालकत्वाचे अर्ज निकालात निघतात तेथपर्यंत कायदा पोहोचतो. कपाटात कोणाचे कपडे आहेत येथपर्यंत तो पोहोचलेला नाही, आणि पालकांनी, शेजाऱ्यांनी व गावातील शिक्षक-डॉक्टरांनी तो नेल्यावाचून पोहोचणारही नाही.

म्हणून ज्या वाचकांवर आपल्या मुलासाठी, भावासाठी किंवा बहिणीसाठी संस्था निवडण्याची पाळी आली आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्या संस्थेत एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी, न कळवता जावे. कार्यालयात चहा घेऊन परतू नये. निजण्याची जागा, न्हाणीघर आणि कपड्यांचे कपाट दाखवा असे सांगावे. सेवक कोणाबरोबर जेवतात ते पाहावे. गेल्या वर्षात किती वेळा कोणाला बांधावे, कोंडावे किंवा झोपेचे औषध द्यावे लागले, याची वही मागावी. आपल्या माणसाला काय आवडते, कशाची भीती वाटते, दुखले की तो काय करतो, हे सारे एका कागदावर लिहून त्याची प्रत संस्थेकडे द्यावी आणि पोच घ्यावी. प्रवेशाच्या करारात, कोणत्याही दिवशी, कोणत्याही मजल्यावर येऊन भेटण्याचा आपला हक्क लेखी नमूद करून घ्यावा. ही अट मान्य करण्यास जी संस्था कां-कूं करील, तेथे, तिचे नाव कितीही मोठे असो आणि प्रतीक्षायादी कितीही लांब असो, आपले माणूस ठेवू नये.